पायलटच्या तोंडून स्मगलिंगचं गाणं: नारायणगावच्या फडासाठी ते लिहायचं कसं?

शिमगा झाला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात, चहाचे कप फिरतात, तारखांच्या वह्या उघडतात. याच दिवसांत एका रात्री अकरा वाजता शाळेतल्या मित्राची व्हॉइस नोट आली. त्याला एकच गोष्ट हवी होती. समुद्राच्या पुळणीवर विमान खरंच उतरू शकतं का?

हा मित्र जत्रांच्या कार्यक्रमांसाठी गाणी लिहितो. मी मंचरच्या बाजूचा, मेकॅनिकलची डिग्री घेऊन बातम्यांच्या डेस्कवर बसलेला. त्यामुळे गावाकडे कुणालाही मोटर, मोबाइल किंवा विमान यातलं काही विचारायचं असेल तर फोन मला येतो. मित्राच्या डोक्यात एका नव्या वगाची कल्पना होती. काळ स्मगलिंगचा. मुंबईचे भाई आणि कोकणातली लँडिंग पिक्चरमध्ये हजारदा आली, म्हणून याला वेगळा माणूस हवा होता. माल घेऊन रात्री उडणारा पायलट. गाणं त्याच्याच तोंडी आणि माल ड्रग्जचा.

मी उत्तर पाठवलं की उतरतं, आणि आपल्याकडे उतरलेलंही आहे. तिथून जे सुरू झालं ते पुढचे पंधरा दिवस चाललं. त्यात निघालेली माहिती इथे देतोय, कारण हा प्रश्न एका गाण्यापुरता नाही. इन्स्टावर रोज दहा ‘भाई’गिरीची गाणी येतात आणि जत्रेत पोरं त्यावरच नाचतात. गुन्हेगाराच्या तोंडी गाणं द्यायचं आणि तरी त्याला देव्हाऱ्यात बसवायचं नाही, हे जमतं का?

पुळणीवर उतरलेलं विमान

खरा माणूस आधी बघू. डॅनियल वॉल्कॉट, अमेरिकन पायलट. १९६२ मध्ये मालवाहू विमानांच्या धंद्यासाठी तो भारतात होता. त्याच वर्षी दिल्लीत बेकायदा काडतुसं बाळगल्याबद्दल त्याला अटक झाली. त्याचं छोटं ‘पायपर अपाचे’ विमान सफदरजंग विमानतळावर अडकून पडलं.

सप्टेंबर १९६३ मध्ये त्याने जे केलं ते ऐकून मित्र म्हणाला की हे वगात घातलं तर लोक म्हणतील, फेकतोय. इंजिन बंद राहून खराब होतं, बॅटरी उतरते, अधूनमधून चालवून बघायला हवं, असं सांगून वॉल्कॉटने विमानापर्यंत जायची परवानगी मिळवली होती. एके दिवशी इंजिन चालू केलं, विमान धावपट्टीवर नेलं आणि उडाला. जाताना तिहार जेलवर घिरटी घालून आतल्या कैद्यांसाठी सिगारेटी आणि खाऊ टाकला, असं त्या काळच्या बातम्यांत आलं होतं. हवाई दलाची विमानं मागे लागेपर्यंत गडी पाकिस्तानात पोहोचला होता.

पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, तसंच एक पायपर अपाचे कोकणात मुरुडच्या किनाऱ्यावर उतरलं. आत दोन परदेशी माणसं, दोघांनी सांगितलेली नावं खोटी. माल होता तस्करीच्या घड्याळांचा. दोघांतला एक वॉल्कॉट होता, हे तपासात नंतर उघड झालं, तोवर दोघे देशाबाहेर गेले होते. १९६६ मध्ये तो पुन्हा भारतात पकडला गेला.

घड्याळांसाठी एवढा जीव धोक्यात? आज हसू येतं. पण तेव्हा परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं होती आणि बेंगळुरूच्या एचएमटीचं घड्याळ १९६१ मध्ये नुकतंच आलेलं. स्विस घड्याळ मनगटावर असणं म्हणजे आज लेटेस्ट आयफोन असण्यासारखंच. १९६२ च्या कस्टम्स कायद्यात कलम १२३ आहे. एरवी गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. या कलमात काही मोजक्या वस्तू तस्करीच्या नाहीत हे ज्याच्याकडे सापडल्या त्याने सिद्ध करायचं असतं. त्या मोजक्या वस्तूंत सोन्याच्या जोडीला घड्याळांचं नाव आहे. ते आजही तिथे आहे.

गाण्याआधी हिशेब

मित्राला पायलटची भाषा हवी होती. मी त्याला म्हटलं, पायलटची भाषा म्हणजे वजनाची भाषा.

पायपर अपाचे हे चार-पाच सीटचं, दोन इंजिनांचं विमान. प्रत्येक इंजिन दीडशे ते एकशे साठ हॉर्सपॉवरचं. इंधन, माणसं आणि माल सगळं धरून ते साधारण सहाशे-सातशे किलो उचलतं. जादा टाक्यांसह पूर्ण इंधन भरलं तर चारशे लिटरच्या आसपास बसतं. विमानाचं पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला सुमारे ७२० ग्रॅम. म्हणजे नुसत्या इंधनाचे तीनशेच्या आसपास किलो गेले. त्यात दोन माणसं बसली की मालाला उरतं दीडशे ते अडीचशे किलो. लांब जायचं तर इंधन जास्त, मग माल कमी. माल जास्त घेतला तर परतीचं इंधन नाही. स्मगलर पायलटचं आख्खं आयुष्य या एका तराजूत.

म्हणूनच तस्करीला वजनाने हलका आणि किमतीने जड माल लागतो. त्या काळात सोन्याचं दहा तोळ्यांचं बिस्किट चालायचं, ११६.६ ग्रॅमचं. शंभर बिस्किटं म्हणजे पावणेबारा किलो, शाळेच्या दोन दप्तरांएवढं. घड्याळंही तशीच. आणि नंतर आलेली पावडर तर विचारायलाच नको.

दुसरी गोष्ट पुळणीची. कोरड्या वाळूत चाक रुतलं की विमान नाकावर पडणार. ओहोटी लागून गेली की पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट दाबलेली असते, तिच्यावर हलकं विमान उतरू शकतं. पण ओहोटी घड्याळ बघून येत नाही. रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे पायलटला वारा, इंधन, चंद्र आणि भरती, चारही गोष्टी एका रात्रीत जुळवायच्या. कोकणातल्या कोळ्याला हे पाठ असतं. टेक्सासच्या माणसाला कुणीतरी सांगावं लागतं.

तिसरी, रडार. मित्राला खोडदच्या जीएमआरटीच्या त्या मोठाल्या तबकड्या गाण्यात आणायच्या होत्या, पायलटला पकडणारं रडार म्हणून. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचा हाच समज आहे. त्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आकाशातल्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात. विमानं शोधत नाहीत. शिवाय त्या १९९० च्या दशकातल्या. साठ सालच्या गाण्यात त्यांना जागा नाही, हे पटवायला मला अर्धा तास लागला.

खऱ्या रडारचं गणित सोपं आहे. रडार साधारण सरळ रेषेत बघतं आणि पृथ्वी गोल आहे. वीस मीटर उंचीवरच्या रडारला तीन हजार मीटरवरचं विमान जवळपास २४० किलोमीटरवरून दिसू शकतं. तेच विमान साठ मीटरवर आलं तर पन्नास किलोमीटरच्या आत येईपर्यंत दिसत नाही. नारायणगडावर उभं राहून बघा. लांबचा डोंगर दिसतो, पण कड्याला चिकटून चाललेला माणूस दिसत नाही. तसंच हे. म्हणून हे लोक खाली उडायचे, दिवे मालवून. खाली उडण्यात चूक करायला जागा नसते आणि इंधनही जास्त जळतं. पुन्हा तोच तराजू.

हे सगळं ऐकून मित्राने दोन दिवसांत पहिलं कडवं पाठवलं.

खाली दर्याची काळी पाटी, वर चांदणं विझलं जी
दोन इंजिनं घरघर करती, पेट्रोल निम्मं सरलं जी

मला आवडलं. ऐकणारा विमानात बसतो. अडचण तीच होती. गाणं पुढे जाईल तसा ऐकणारा पायलटच्या बाजूने होत जाणार. तो सुखरूप उतरावा असं वाटायला लागणार.

जकात चुकवणारा आणि नाक कापणारा

जकात चुकवणाऱ्यावर लोकांचा राग कधीच फार नव्हता. जुन्नरच्या नाणेघाटात दगडी रांजण आहे. सातवाहन काळात कोकणातून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. तिथे नाका होता म्हणजे रात्री आडवाटेने बैल हाकणाराही कुणीतरी असणारच. सोनं आणि घड्याळांचा स्मगलर त्याच घरातला. सरकारचा कर बुडाला, शेजाऱ्याचं काय गेलं? १९६३ पासून सोन्यावर नियंत्रण आलं, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला, १९९० मध्ये तो रद्द झाला. एवढ्या काळात लग्नाच्या सोन्यासाठी स्मगलरच्या मालाला नाही म्हणणारे किती निघाले असतील?

बंडखोरावर गाणं करण्याचीही आपली सवय जुनी. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होनाजी केंगले, सरकारी कागदांत होन्या. १८७३ पासून त्याने सावकारांवर धाडी घातल्या, त्यांची नाकं कापली, कर्जाची कागदपत्रं जाळली. इंग्रजांनी त्याच्या डोक्यावर हजार रुपयांचं बक्षीस लावलं आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडलं. भीमाशंकरच्या पट्ट्यात आजही त्याचं नाव आदराने घेतात. कायद्याच्या पुस्तकात तो दरोडेखोरच होता.

मग मित्राचा मुद्दा असा की होन्या चालतो तर पायलट का नाही?

माझं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही, नंतर सुचलं. होन्याला माहीत होतं तो कुणाचं नाक कापतोय. सावकार त्याच्या समोर उभा असायचा. पायलटला समोर कुणीच दिसत नाही. त्याला पेटी दिसते, पेटीचं वजन दिसतं. माल ज्याच्या घरात जाणार ते घर तीन हजार मीटर खाली आणि दोन महिने पुढे असतं. घड्याळ असेल तर त्या घरात आनंदच आहे. पावडर असेल तर?

ड्रग्जवाले पायलट आपल्याकडचे नव्हतेच

एक गोष्ट सरळ सांगायला हवी. पायलटने छोट्या विमानात ड्रग्ज भरून रात्री उडायचं, हा काळ मुख्यतः अमेरिका खंडातला. १९७० आणि ८० च्या दशकात कोलंबियातलं कोकेन कॅरिबियन बेटांवरून अमेरिकेत जायचं ते अशा विमानांतून. त्यातला सर्वांत गाजलेला पायलट बॅरी सील, टीडब्ल्यूए या मोठ्या एअरलाइनमधला माजी वैमानिक. मेडेयीनच्या टोळीसाठी त्याने माल वाहिला, पकडला गेल्यावर १९८४ मध्ये अमेरिकी यंत्रणांचा खबरी झाला आणि १९ फेब्रुवारी १९८६ रोजी लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. टॉम क्रूझचा २०१७ चा ‘अमेरिकन मेड’ त्याच्यावरच.

गाणीही तिथे झाली. ग्लेन फ्रायचं ‘स्मगलर्स ब्लूज’ १९८४ चं. त्यावरून ‘मायामी व्हाइस’ मालिकेचा एक भाग निघाला आणि त्यात फ्रायने स्वतः पायलटची भूमिका केली. मेक्सिकोत तर ‘कोरिदो’ नावाचा प्रकारच आहे, आपल्या पोवाड्याचा चुलतभाऊ म्हणा. आधी क्रांतिकारकांवर व्हायचे, मग तस्करांवर होऊ लागले. बोइंग विमानांतून माल नेणारा आमादो कार्रियो फुएन्तेस तिथे ‘आकाशाचा मालक’ या नावाने ओळखला गेला. सिनालोआ राज्याने २०११ मध्ये बारमधून अशी गाणी वाजवायला बंदी घातली. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सकोकोच्या जत्रेत एका गायकाने बंदीमुळे ही गाणी म्हणायला नकार दिला, तर प्रेक्षकांनी स्टेजवर चढून वाद्यं फोडली. जत्रा, स्टेज, चिडलेलं पब्लिक. वाचताना मला आपल्याकडचीच एखादी रात्र आठवली.

आपल्याकडे पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दारू, ड्रग्ज आणि हिंसेचं कौतुक करणारी गाणी लाइव्ह कार्यक्रमांत वाजू नयेत, असा आदेश पोलिसांना दिला. तरी गाणी थांबली असं काही दिसत नाही.

महाराष्ट्रातून किंवा महाराष्ट्रात ड्रग्ज आली-गेली ती बहुतेक जहाजांतून, ट्रकमधून आणि प्रवाशांच्या बॅगांतून. विमानवाला एक मोठा किस्सा आपल्या आकाशात घडला तो हत्यारांचा. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमध्ये पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकली गेली. काही दिवसांनी तेच विमान मुंबईत उतरवायला भाग पाडलं. डाव रचणारा किम डेव्ही विमानतळावरूनच निसटला. विमान चालवणारे पाच जण आणि एक ब्रिटिश साथीदार तुरुंगात गेले, २००० मध्ये त्यांना जन्मठेप झाली. रशियाच्या विनंतीवरून त्या पाच जणांची सुटका झाली ती पुढची गोष्ट. मालक सुटतो, ड्रायव्हर अडकतो, हे ट्रकवाल्यांच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि निरुपद्रवी वाटणाऱ्या लँडिंगचं पुढे काय होतं, तेही आपण बघितलंय. रायगडच्या शेखाडी आणि दिघीला ज्या वाटांनी वर्षानुवर्षं चांदी आणि इतर माल उतरला, त्याच वाटांनी १९९३ च्या सुरुवातीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. खटल्यात कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाली. पेटीत काय आहे हे विचारायचं नाही, हीच तर त्या धंद्याची शिस्त होती.

ओतूरचा डॉक्टर

इथपर्यंत आल्यावर मला जाणवलं की या गाण्याची दुसरी बाजू मराठीत आधीच लिहिली गेलीय, आणि तीही जुन्नर तालुक्यातल्याच माणसाने.

अनिल अवचट ओतूरचे. शिक्षणाने डॉक्टर, पण आयुष्य लिहिण्यात गेलं. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या पट्ट्यातल्या हेरॉइनची भारतातून वाहतूक वाढली आणि त्यातलाच कमी प्रतीचा, स्वस्त माल इथल्या गल्ल्यांत झिरपला. लोक त्याला ‘गर्द’ म्हणायचे. अवचटांनी व्यसनात अडकलेल्या पोरांना भेटून, त्यांच्या घरांत बसून लिहिलं, त्याचं पुस्तकही ‘गर्द’ याच नावाचं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. आज ना अनिताताई आहेत, ना अनिल अवचट, ते जानेवारी २०२२ मध्ये गेले. मुक्तांगण चालू आहे.

आता तारखा शेजारी ठेवा. बॅरी सीलला फेब्रुवारी १९८६ मध्ये गोळ्या लागल्या. मुक्तांगण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघडलं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मालही वेगळा, खंडही वेगळे. पण एकाच धंद्याची ही दोन टोकं. वरच्या टोकावर हॉलिवूडचा पिक्चर झाला.

एनडीपीएस कायदा त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९८५ मध्ये लागू झाला. त्यातलं कलम ३५ मी मित्राला मुद्दाम वाचून दाखवलं. खटल्यात आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असं कोर्ट धरूनच चालतं. मला माहीत नव्हतं, हे आरोपीने सिद्ध करायचं आणि तेही संशयाला जागा न ठेवता. आज गावागावात ज्याचं नाव ऐकू येतं त्या एमडीसाठी, म्हणजे मेफेड्रोनसाठी, ५० ग्रॅम ही व्यावसायिक मात्रा आहे. त्याहून जास्त माल नेताना सापडलात तर दहा ते वीस वर्षं, आणि ज्या गाडीतून नेला तीही जप्त होऊ शकते. ५० ग्रॅम म्हणजे चहात टाकतो त्या साखरेचे दहा-बारा चमचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आपल्याच जिल्ह्यात, दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत माग काढत दीड हजार किलोहून जास्त एमडी पकडलं. किंमत त्यांनी साडेतीन हजार कोटींच्या वर सांगितली होती.

तिथे विमान नव्हतं, पायलटही नव्हता. आता पायलट लागतोच असं नाही. पंजाबच्या सीमेवर २०२४ मध्ये बीएसएफने अडीचशेहून जास्त ड्रोन पकडले किंवा पाडले, त्यातल्या कित्येकांना पुडकी बांधलेली. उडवणारा पलीकडच्या शेतात उभा. इंधन, भरती, चंद्र, भीती, काही नाही. त्याच्यावर कुणी गाणं करणार नाही, एवढं नक्की.

फडावर कुणी एकटा बोलत नाही

मित्राचं दुसरं कडवं अडलं होतं. त्याने पायलटला शौर्य दिलं की तो हिरो व्हायचा. पश्चात्ताप दिला की गाणं व्यसनमुक्तीच्या भिंतीवरची घोषणा व्हायचं. जत्रेत रात्री दीड वाजता घोषणा ऐकायला कुणी बसत नाही, लोक सरळ उठून भेळ खायला जातात.

उत्तर तमाशाच्या घडणीतच होतं, आम्हाला ते उशिरा दिसलं. गण, गवळण, बतावणी, मग वग. यात कुणी एकटा बोलून सुटत नाही. राजा आला की सोंगाड्या त्याच्या मागे उभा असतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याची हवा काढतो. कृष्णाला मावशी अडवते. कलगीवाल्यांनी सवाल टाकला की तुरेवाले जवाब देतात. रीलमधल्या ‘भाई’ गाण्यात हे नाही. तिथे भाई बोलतो, बीट वाजतो, संपलं. उलट विचारणारं कुणी नाही. माझ्या मते ही गाणी वाईट वाटतात ती गुन्ह्यामुळे कमी आणि या एकतर्फीपणामुळे जास्त.

नारायणगावला हे शिकवायची गरज नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच, १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेल्या. राज्य सरकार तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने देतं. त्यांच्या फडाने सीमेवर जवानांसमोर कार्यक्रम केले, त्यांच्याविषयीचे किस्से गावात आजही लहान पोरांना माहीत आहेत. त्या परंपरेत बाई स्टेजवर येते तेव्हा ती नुसती नाचायला येत नाही, जाब विचारायला येते.

म्हणून ठरलं, पायलट त्याचं गाणं पूर्ण म्हणेल. त्याला कुठे पश्चात्ताप नाही. तो हुशार आहे, धाडसी आहे, विनोदी आहे, वॉल्कॉटसारखा जेलवर खाऊ टाकून जाणारा आहे. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. त्याच्या कडव्याची शेवटची ओळ माझ्या वजनाच्या लेक्चरमधून आली.

पेटीत काय ते पुसलं नाही, वजन तेवढं पुसलं जी

पायलट इथे थांबतो. ढोलकी थांबत नाही. मग बाजूने एक बाई पुढे येते, नऊवारी नाही, घुंगरू नाही, साधी साडी. ती त्याच चालीत, त्याच तालात जवाब देते.

वजन किती ते मला विचार, पोर उचलून पाहिलं जी
गेल्या साली साठ किलोचं, औंदा पस्तीस राहिलं जी

हे कडवं मित्राने एकटाकी लिहिलं. मी त्यात काही केलेलं नाही. फोनवर ऐकलं तेव्हा मी एसटीत होतो, खेडच्या घाटात रेंज गेली, त्याला वाटलं मला आवडलं नाही.

आता उरल्यात त्या किरकोळ गोष्टी. विमानाच्या इंधनाला ‘पेट्रोल’ म्हणायचं का, यावर आमचं अजून भांडण चालू आहे. ते एव्हिएशन गॅसोलिन असतं, पण ते चालीत बसत नाही आणि जत्रेत कुणी अडवणार नाही असं त्याचं म्हणणं. वगाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची तयारी त्याने सुरू केलीय. त्या बाईच्या दोन ओळी कुणी म्हणायच्या हे मात्र ठरलेलं नाही. ज्या ज्येष्ठ कलावंतबाईंना त्याने विचारलं, त्यांनी कागद दोनदा वाचला, पदरात बांधला आणि म्हणाल्या की आधी चाल थोडी खालच्या पट्टीत घ्या, मग बघू.